कट्टा कोणाच्या हातात होता?

जून २०११ मध्ये इंदूरच्या श्रीनगर भागात एका मराठी कुटुंबातल्या तीन पिढ्या, आजी, आई आणि तरुण मुलगी, राहत्या घरातच मारल्या गेल्या. लुटीसाठी आत शिरलेल्यांकडे सुरे होते आणि कट्टा म्हणतात तसं गावठी पिस्तूलही होतं. इंदूरच्या सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये तिन्ही आरोपींना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती कायम केली. पुढे २० मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या निकालात तिघांना दोषीच ठरवलं, पण फाशी रद्द करून जन्मठेप दिली आणि पंचवीस वर्षांच्या आत सुटका नाही अशी अट घातली.

गुन्हा तोच, पुरावा तोच, आरोपीही तेच. तरीही दोन न्यायालयांना जे योग्य वाटलं ते तिसऱ्याला वाटलं नाही. मागे राहिलेल्या नातेवाइकांना आणि पेपरात बातमी वाचणाऱ्या प्रत्येकाला साहजिकच प्रश्न पडतो, की शिक्षेचा हा आकडा ठरवतं कोण आणि कशावरून?

या प्रश्नाच्या मागावर निघायला भोपाळसारखं गाव नाही. भदभदा रस्त्यावर राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे. देशभरातले न्यायाधीश इथे प्रशिक्षणासाठी येतात आणि दोषी ठरलेल्या माणसाला किती वर्षं द्यायची हा त्यांच्या चर्चेचा कायमचा विषय असतो. अकादमीचे संस्थापक-संचालक एन. आर. माधव मेनन यांनी तर पुढे केंद्र सरकारच्या समितीचे अध्यक्ष म्हणून याच प्रश्नावर देशाला स्पष्ट सल्ला दिला होता. शिवाय भोपाळ हे मराठी माणसांचंही गाव आहे. १९५६ मध्ये राजधानी इथे आली तेव्हा नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी कुटुंबं फायलींबरोबर इथे आली आणि इथलीच झाली. इंदूरच्या त्या घटनेने या घरांमध्येही त्या वर्षी दाराच्या कड्या दोनदा तपासल्या गेल्या असतील.

आधी घराकडे पाहू, कारण कायदाही आधी घराकडेच पाहतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलमांचे आकडे बदलले, तरी घरफोडीची व्याख्या १८६० च्या दंडसंहितेतून जवळपास जशीच्या तशी आली आहे. दार तोडलं तरच घरफोडी, असा आपला समज असतो. कायद्याने मात्र सहा प्रकार सांगितले आहेत. भिंतीला भोक पाडून शिरणं, माणसाच्या वाटेसाठी नसलेल्या जागेतून म्हणजे खिडकीतून किंवा भिंत चढून शिरणं, कुलूप उघडून शिरणं हे तर त्यात आहेच. पण घरमालकाची हरवलेली किल्ली सापडली आणि तिने शांतपणे दार उघडलं, तरी ती घरफोडी. दारात उभ्या असलेल्या राखणदाराला मारहाणीची धमकी देऊन आत गेलं, तरी ती घरफोडी. म्हणजे बेल वाजवून, दार उघडणाऱ्याच्या छातीवर कट्टा रोखून कोणी आत आला, तर एकही कडी न मोडता घरफोडी पूर्ण होते. शरीराचा कुठलाही भाग आत गेला की ‘प्रवेश’ झाला. नुसता हात पुरतो.

मग येते वेळ. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी कायद्याला जास्त गंभीर वाटते, कारण माणसं झोपलेली असतात आणि मदतीला हाक मारली तरी ऐकणारं कोणी नसतं. चोरीसाठी रात्री घर फोडलं तर कलम ३३१ नुसार चौदा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. याउलट जबरी चोरीची सर्वसाधारण कमाल शिक्षा दहा वर्षं आहे, रात्री हमरस्त्यावर झाली तर चौदा. एका हिशेबाने झोपलेल्या घराचं दार हे कायद्याच्या लेखी रस्त्यावर ओढलेल्या बॅगेपेक्षा मोठं आहे. ही दीडशे वर्षांहून जुनी मांडणी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. रस्त्यावर लुटलेला माणूस घरी जाऊन दार लावू शकतो. घरात लुटलेल्याने कुठे जायचं?

आता त्या घरात बंदूक आणू. समजा, भोपाळच्या कोलार रस्त्यावरच्या एखाद्या वसाहतीत रात्री दोन वाजता चार जण शिरले. एकाच्या हातात कट्टा आहे, दुसऱ्याच्या हातात लोखंडी सळई, तिसरा रिकाम्या हाताने कपाटं उचकतो आहे आणि चौथा बाहेर मोटरसायकलवर पहारा देतो आहे. कोणी गोळी झाडली नाही. दागिने घेऊन ते पळाले आणि आठवड्याभरात चौघेही सापडले. चौघांना सारखीच शिक्षा होईल का?

नाही. कलम ३११ (जुन्या दंडसंहितेतलं ३९७) म्हणतं की जबरी चोरी किंवा दरोडा घालताना ज्या गुन्हेगाराने प्राणघातक शस्त्र वापरलं, त्याला सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा देता येणार नाही. इथे न्यायाधीशाचे हात बांधलेले आहेत. आरोपी कितीही तरुण असो, त्याच्या घरी कोणी आजारी असो, सातच्या खाली जाता येत नाही. म्हणून फौजदारी वकिलांचं सगळं बळ या एका कलमाभोवती एकवटतं, आणि त्यातही दोन प्रश्नांभोवती. शस्त्र वापरलं म्हणजे नेमकं काय केलं? आणि ते कोणी वापरलं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९७५ मध्ये मिळालं. दिल्लीतल्या एका पेट्रोल पंपावरच्या लुटीतून आलेल्या फूलकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुरा भोसकलाच पाहिजे असं नाही. लुटल्या जाणाऱ्या माणसाला दिसेल असा तो हातात उघडा धरला आणि त्या भीतीने त्याने प्रतिकार सोडला, तर शस्त्र वापरलं गेलं. बंदुकीच्या बाबतीत हे आणखीच खरं आहे. ज्याच्या कपाळासमोर नळी आली, त्याच्यासाठी गोळी सुटली की नाही हा प्रश्न नंतरचा असतो. मात्र कट्टा कमरेला शर्टाखाली झाकलेला राहिला आणि घरातल्या कुणालाच दिसला नाही, तर तो ‘वापरला’ असं म्हणता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नावर मध्य प्रदेशातलाच एक खटला महत्त्वाचा ठरला. १७ डिसेंबर २०२१ रोजी सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांच्या पीठाने ‘राम रतन विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या निकालात दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या. बंदूक दाखवून दहशत बसवली तरी कलम लागतं, गोळी झाडण्याची गरज नाही. पण सात वर्षांची किमान शिक्षा फक्त त्यालाच, ज्याने स्वतः ते शस्त्र वापरलं. साथीदाराच्या हातातल्या बंदुकीसाठी दुसऱ्याला या कलमाखाली अडकवता येणार नाही. त्या खटल्यात बंदूक दुसऱ्या आरोपीकडे होती आणि म्हणून अपील करणाऱ्याची त्या कलमाखालची शिक्षा टिकली नाही.

कोलार रस्त्यावरच्या आपल्या चौघांना हे लावून पाहा. कट्टा रोखणारा सात वर्षांच्या खाली येत नाही. सळईवाल्याचं काय होईल हे सळई केवढी होती आणि त्याने ती कशी धरली यावर ठरेल. रिकाम्या हाताने कपाट उचकणारा समान उद्देशाच्या तत्त्वाने जबरी चोरी आणि घरफोडी यांत दोषी ठरेल, पण त्याच्यासाठी किमान मर्यादा नाही. न्यायाधीश त्याला तीन वर्षं देऊ शकतो, आठही देऊ शकतो. आणि आणखी एक माणूस वाढला, म्हणजे पाच झाले, तर चित्रच पालटतं. मग तो दरोडा होतो आणि कमाल शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. पाच मोजताना हजर राहून मदत करणाराही धरतात, त्यामुळे बाहेर पहाऱ्यावर उभा असलेला माणूसही त्या पाचांत येतो.

इथवर कायदा माणूस सुटा करून पाहतो. पण त्याच संहितेत नेमकं उलटं तत्त्वही आहे. कलम ३३१ चं आठवं उपकलम (जुनं ४६०) सांगतं की रात्रीच्या घरफोडीत सामील असलेल्यांपैकी एकाने कुणाला जाणूनबुजून ठार केलं किंवा जबर दुखापत केली, तर सामील असलेल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे कट्टा फक्त रोखला तर ज्याचा त्याचा हिशेब, आणि कट्ट्यातून गोळी सुटून कोणी मेलं तर सगळ्यांचा सामायिक हिशेब. कपाट उचकणाऱ्याला आठ वर्षं की जन्मठेप, हे त्याच्या पाठीमागे दुसऱ्याने दोन सेकंदांत काय केलं यावर अवलंबून राहतं. हे कठोर आहे, पण असमर्थनीय नाही. बंदूक बरोबर घेतलेल्या टोळीबरोबर जो रात्री एखाद्याच्या घरात शिरतो, त्याने आत काय होऊ शकतं याची कल्पना केलेली असते, निदान करायला हवी असते.

शस्त्राचा स्वतःचा वेगळा कायदा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली विनापरवाना बंदूक बाळगणं आणि ती वापरणं हे स्वतंत्र गुन्हे आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने यातल्या शिक्षा वाढवल्या. विनापरवाना साधं अग्निशस्त्र जवळ बाळगण्याची शिक्षा पूर्वी एक ते तीन वर्षं होती, ती दोन ते पाच झाली. बेकायदा शस्त्र बनवणं आणि विकणं यासाठी तीन ते सातऐवजी किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप झाली. शस्त्र वापरण्याबद्दल तीन ते सात वर्षं पूर्वीपासूनच आहेत. हे कठोर झालं याचं एक कारण मध्य प्रदेशच्या नकाशावर दिसतं. बडवानी, खरगोन, बऱ्हाणपूर या जिल्ह्यांत गावठी पिस्तुलं घडवण्याचा चोरटा धंदा अनेक वर्षं चालत आला आहे. बडवानीतलं उमरटी हे गाव तर जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून आहे आणि पुण्या-मुंबईत पकडलेल्या पिस्तुलांचा माग काढत महाराष्ट्राचे पोलीस तिथे वारंवार जातात. त्या परिसरातल्या सगळ्याच कारागिरांकडे संशयाने पाहणं अन्यायाचं होईल. लोखंड घडवण्याचं पिढीजात कसब असलेल्या त्या लोकांना दुसरं काम मिळवून देणं हाही या प्रश्नाचाच भाग आहे, आणि त्याबद्दल फार थोडं बोललं जातं.

कट्ट्याची रचना तपासाच्या दृष्टीने अवघड असते. कारखान्यात बनलेल्या पिस्तुलाच्या नळीत आतून सर्पिल चर असतात. गोळीवर त्यांचे ठसे उमटतात आणि कोणती गोळी कोणत्या पिस्तुलाची हे तज्ज्ञ सांगू शकतात. गावठी कट्ट्याची नळी बहुधा आतून गुळगुळीत असते, कधी एखादा साधा पाइपच. गोळीवर वाचण्याजोगं फारसं काही उरत नाही. काडतूस ३१५ बोअर किंवा १२ बोअरचं आणि हत्यार एकबारी. झाडल्यावर रिकामी पुंगळी नळीतच अडकून राहते, उडून फरशीवर पडत नाही. दुसरी गोळी भरण्यासाठी कट्टा उघडला, तरच ती हाती लागण्याची शक्यता. लागली, तर मात्र तिच्या बुडावर आघात करणाऱ्या खिळीचा ठसा असतो, आणि हाताने घासून बनवलेली ती खिळी दुसऱ्या कुठल्या कट्ट्याच्या खिळीसारखी नसते. सागरच्या राज्य न्यायवैद्यक प्रयोगशाळेत किंवा भोपाळच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली या ठशांचा मेळ घातला जातो. जप्त केलेला कट्टा चालू स्थितीत होता की नाही, याचाही अहवाल तिथूनच येतो.

हे सगळं जुळलं तरी एक कागद लागतो. परवान्याविना शस्त्र बाळगल्याचा खटला चालवायला शस्त्र अधिनियमाच्या कलम ३९ नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांची आगाऊ मंजुरी हवी. ती घेतली नसेल किंवा शस्त्र आणि कागद न पाहता यांत्रिकपणे दिली असेल, तर बचाव पक्ष नेमकं तिथेच बोट ठेवतो. संसदेने वाढवलेली वर्षं अशा एका सहीअभावी कागदावरच राहतात. शिक्षा वाढवण्याच्या घोषणा टाळ्या मिळवतात. पंचनामा नीट लिहिणं, मुद्देमालाला त्याच जागी सील लावणं, मंजुरीची फाइल वेळेत हलवणं यांना टाळ्या नाहीत. पण गुन्हेगार तुरुंगात किती दिवस राहतो हे या दुसऱ्या यादीवर जास्त अवलंबून असतं, आणि सरकारने आपला जोर तिथे लावायला हवा.

आता समजा, सगळं सिद्ध झालं. न्यायाधीशाने ‘दोषी’ म्हटलं. त्यानंतर कायद्याने एक वेगळी पायरी ठेवली आहे. शिक्षा ठरवण्याआधी आरोपीला तेवढ्याच मुद्द्यावर ऐकून घ्यावं लागतं. कागदावर ही तरतूद १९७३ पासून आहे. प्रत्यक्षात कितीतरी न्यायालयांत ती काही मिनिटांत आटोपते. ‘तरुण आहे, पहिलाच गुन्हा आहे, म्हातारे आईवडील आहेत,’ एवढं वकील म्हणतात, ‘गुन्हा गंभीर आहे,’ एवढं सरकारी वकील म्हणतात, आणि आकडा लिहिला जातो.

इंदूरच्या खटल्याचा निकाल पुढे पुन्हा पुन्हा उद्धृत झाला तो याच कारणाने. न्या. उदय लळित, न्या. रवींद्र भट आणि न्या. बेला त्रिवेदी यांच्या पीठाने सांगितलं की ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते, तिथे आरोपीचं बालपण, शिक्षण, कुटुंबाची परिस्थिती, मानसिक स्थिती आणि तुरुंगातली वागणूक यांची माहिती सत्र न्यायालयातच समोर आली पाहिजे, आणि ती आणण्याची जबाबदारी सरकारवरही आहे. त्या तिघांबद्दल असे अहवाल सर्वोच्च न्यायालयाने स्वतः मागवले. ते वाचल्यावर त्यांच्यात सुधारणा होण्याची शक्यता संपलेली नाही, असं पीठाचं मत झालं. गुन्ह्याचं क्रौर्य न्यायालयाने कुठेही कमी लेखलं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, अशी सुनावणी देशभर एकसारखी कशी व्हावी हा प्रश्न न्यायालयाने घटनापीठाकडे सोपवला.

पण फाशीचे खटले मूठभर. ज्या हजारो खटल्यांत तीन वर्षं की नऊ वर्षं एवढाच प्रश्न असतो, तिथे काय? तिथे भारतात लिखित चौकट नाही. २००३ मध्ये न्या. मळीमठ समितीने ती बनवा असं सुचवलं. २००८ मध्ये माधव मेनन यांच्या समितीने पुन्हा तेच सांगितलं. त्यानंतर सोमन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव उघडपणे मान्य केली. नवी संहिता आली तीही या चौकटीविनाच. भोपाळच्या सत्र न्यायाधीशाकडे कमाल आकडा आहे, क्वचित किमान आकडा आहे, आणि या दोहोंमधल्या मोठ्या मैदानात आधीचे निकाल आणि स्वतःची विवेकबुद्धी.

इतर देशांनी हे मैदान वेगवेगळ्या पद्धतीने आखलं आहे. इंग्लंडमध्ये शस्त्र घेऊन केलेल्या घरफोडीची कमाल शिक्षा जन्मठेप आहे, पण न्यायाधीशाला आधी हानी किती आणि दोष किती हे ठरावीक निकषांवर मोजावं लागतं, त्यावरून एक सुरुवातीचा आकडा मिळतो आणि मग तो कमीजास्त होतो. पहिल्याच संधीला गुन्हा कबूल केला तर एक तृतीयांशापर्यंत सूट मिळते. तिथल्या १९६८ च्या कायद्याने खेळण्यातल्या किंवा नकली बंदुकीलाही खऱ्या शस्त्रांच्या पंगतीत बसवलं आहे, कारण घरातल्या माणसाला अंधारात फरक कळत नाही. आपल्याकडे नकली पिस्तुलाला ‘प्राणघातक शस्त्र’ म्हणायचं का, यावर वाद घालायला जागा राहते. संसदेने हा मुद्दा एका ओळीत मिटवायला हवा होता.

अमेरिकेच्या संघीय कायद्याने पायऱ्याच बांधल्या आहेत. हिंसक गुन्ह्यात बंदूक जवळ असली तर किमान पाच वर्षं, ती परजली तर सात, झाडली तर दहा. आणि ही वर्षं मूळ गुन्ह्याच्या शिक्षेनंतर सुरू होतात, तिच्याबरोबर नाही. २००९ मध्ये ‘डीन’ खटल्यात असा युक्तिवाद झाला की बँक लुटताना बंदूक चुकून उडाली, कोणालाही लागलं नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तरीही दहा वर्षांची पायरी लावली. असा नियम लावायला सोपा, पण चुकून चाप ओढणारा आणि नेम धरणारा त्याच्या लेखी एकच.

कॅनडाने उलट बाजूने विचार केला. घरावर गोळ्या झाडल्याबद्दल तिथे किमान चार वर्षं शिक्षा होती. जानेवारी २०२३ मध्ये ‘हिल्स’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती किमान मर्यादाच घटनाबाह्य ठरवली. शब्दांची व्याप्ती इतकी मोठी होती की छर्ऱ्याच्या बंदुकीने घराच्या भिंतीवर नेम धरणारा पोरगाही चार वर्षं आत गेला असता. खुद्द त्या आरोपीला मात्र साडेतीन वर्षं झालीच. त्याच दिवशी दुसऱ्या एका खटल्यात, बंदी किंवा निर्बंध असलेल्या बंदुकीने केलेल्या लुटीसाठीची पाच वर्षांची किमान मर्यादा न्यायालयाने कायम ठेवली. भारताने अशी एक सक्ती स्वतः अनुभवली आहे. शस्त्र अधिनियमात बंदी असलेल्या शस्त्राने मृत्यू घडवल्यास फाशीच, दुसरा पर्याय नाही, अशी तरतूद होती. २०१२ मध्ये दलबीर सिंग खटल्यात ती रद्द झाली. न्यायाधीशाला माणसाकडे बघायलाच मनाई करणारा कायदा टिकला नाही, हे योग्यच झालं. आपल्याला हवी आहे ती इंग्लंडच्या जवळ जाणारी व्यवस्था, निकष उघड असलेली आणि तरीही अपवादाला जागा ठेवणारी.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हा समज भोपाळच्या पानटपरीपासून पुण्याच्या कट्ट्यापर्यंत सगळीकडे आढळतो. तो चुकीचा आहे आणि तो खोडून काढणारा मूळ निकाल एका मराठी माणसाच्याच खटल्यातला आहे. गांधीहत्येच्या कटात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसेने आपली शिक्षा भोगून झाली असा दावा केला, तेव्हा १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. लवकर सोडायचं की नाही हा सरकारचा अधिकार. चौदा हा आकडा पुढे आला तो वेगळ्याच कारणाने. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकत होती, त्यातल्या जन्मठेपेच्या कैद्याला किमान चौदा वर्षं झाल्याशिवाय सोडता येत नाही. तो आकडा सुटकेच्या हक्काचा नाही. पंचवीस किंवा तीस वर्षं माफी नाही, अशी अट घालण्याचा अधिकारही प्रत्येक न्यायालयाला नाही. २०१५ च्या श्रीहरन निकालानुसार तो फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाला आहे. इंदूरच्या सत्र न्यायालयाने मनात आणलं असतं तरी त्याला ‘पंचवीस वर्षं’ लिहिता आली नसती. त्याच्यासमोर फाशी आणि साधी जन्मठेप एवढेच दोन पर्याय होते. पहिल्या न्यायालयाच्या निर्णयाकडे पाहताना हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

शिक्षेच्या आकड्यावर एवढं बोलताना त्याआधीची पायरी चुकली तर काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका बागेतल्या झोपडीत रात्री टोळी शिरली, पाच जणांचा जीव गेला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं गेलं. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सगळ्यांच्या फाशीवर शिक्का मारला. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, ‘अंकुश मारुती शिंदे’ खटल्याच्या फेरविचारात त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. घटनेतून वाचलेल्या साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंतून भलत्याच माणसांना ओळखलं होतं आणि ती माहिती न्यायालयापुढे नीट आलीच नव्हती. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. सहा माणसांच्या आयुष्याची सोळा वर्षं गेली, आणि ज्यांनी त्या झोपडीत खून पाडले ते मोकळेच राहिले. कठोर शिक्षेची मागणी करणाऱ्याने, आणि अशी मागणी करण्यात गैर काहीच नाही, हा निकाल एकदा तरी वाचावा.

मध्य प्रदेशाने शस्त्रधारी लुटारूंच्या बाबतीत आणखी एक प्रयोग केलेला आहे. चंबळच्या खोऱ्यात १९६० मध्ये विनोबांसमोर आणि १९७२ मध्ये जौऱ्याजवळ जयप्रकाशजींसमोर डाकूंनी बंदुका खाली ठेवल्या. त्यांच्यावर खटले चालले, शिक्षा झाल्या, आणि त्यांतल्या अनेकांनी त्या मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात, शेती करत भोगल्या. पुढे १९८१ मध्ये त्याच राज्याने दरोडा आणि अपहरणग्रस्त भागांसाठी खास कायदा केला, खास न्यायालयं नेमली आणि जामीन अवघड केला. ज्या राम रतनचा निकाल वर आला, त्याच्यावर या कायद्याची कलमंही होती. एकाच राज्याने वीस वर्षांत दोन्ही टोकं पाहिली.

या सगळ्या व्यवहारात लुटल्या गेलेल्या कुटुंबाचं स्थान मात्र विचित्र आहे. आरोपी सुटला, किंवा त्याला कमी गंभीर गुन्ह्यासाठी दोषी धरलं, किंवा भरपाई तुटपुंजी दिली, तर पीडिताला स्वतः अपील करता येतं. पण शिक्षा कमी झाली एवढ्याच कारणासाठी करता येत नाही. २०२० मध्ये परविंदर कन्सल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. शिक्षा वाढवून मागण्याचा मार्ग सरकारचा आहे. भोपाळच्या घरमालकाला तीन वर्षांची शिक्षा अपुरी वाटली, तर जबलपूरच्या उच्च न्यायालयात सरकारने जावं यासाठी त्याला सरकारच्याच दारात अर्ज घेऊन उभं राहावं लागतं. ज्याच्या घरात कट्टा रोखला गेला त्याला निदान शिक्षेच्या सुनावणीत आपलं म्हणणं मांडण्याचा ठाम हक्क असायला हवा. आरोपीची परिस्थिती ऐकायची, तर त्या रात्रीनंतर दिवा लावूनच झोपणाऱ्या मुलांचीही ऐकावी.

तोवर घरच्यांच्या हातात जे आहे ते खूप आहे, आणि ते पहिल्या काही तासांतलं आहे. पोलिसांना जबाब देताना ‘ते शस्त्र घेऊन आले’ एवढ्यावर थांबू नये. कोणाच्या हातात काय होतं, ते उघडं दिसत होतं का, कोणी कोणावर रोखलं, काय बोलला, दार कसं उघडलं, वेळ काय होती, हे जसं आठवेल तसं प्रथम माहिती अहवालातच यावं. सात वर्षांची किमान शिक्षा लागू होते की नाही, याचा निम्मा फैसला या वाक्यांत असतो. खोली झाडू-पुसू नये. एखादी पुंगळी पडली असेल तर ती उचलून पोलिसांच्या हातात देण्याऐवजी आहे तिथेच दाखवावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावा गोळा करणं आणि त्याचं चित्रीकरण करणं अपेक्षित आहे. राज्यांना त्याची व्यवस्था उभी करायला पाच वर्षांची मुदत मिळाली आहे. ते पथक आलं नसेल, तर ठाण्यात विचारावं, आणि विचारल्याचं लेखी द्यावं.